खराब नमुना

"पालेभाज्या खुशाल खा, काकू. कोणी सांगितलं तुम्हाला खायच्या नाहीत म्हणून?" डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली आणि कागदावर गोळीचं नाव लिहीत राहिली. तपासायच्या टेबलावर बसलेल्या बाईच्या एका हातात डाव्या पायातली सपात होती. ती तशीच धरून राहिली. पालक आपण आधीच बंद केलाय, असं तिनं नुकतंच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. बत्तीस वर्षं लोकांची रक्तं तपासण्यात घालवलेल्या बाईला गाउटचं पथ्य शिकवावं लागत नाही, हे मुलगी शोभेल अशा वयाच्या त्या पोरीला कळावं, एवढाच हेतू. शाबासकी मिळेल अशी खात्री होती, आणि मिळालं हे. पोरीनं लिहिता लिहिताच समजावलं. पूर्वी पालकात प्युरिन असतं म्हणून बंद करायचे, पण भाज्यांमधल्या प्युरिननं गाउट वाढत नाही हे लक्षात येऊनही बरीच वर्षं झाली. मांस बेतानं खायचं, दारूपासून लांब राहायचं, आणि फळांच्या गोड रसाचे ते डबे मिळतात ना, ते मात्र घरात आणायचे नाहीत, त्यातल्या साखरेनं युरिक अ‍ॅसिड चढतं. "बरीच वर्षं म्हणजे किती?" असं बाईनं विचारलं. डॉक्टरिणीनं आता वर पाहिलं, जरा हसली आणि म्हणाली, की वीसेक तरी धरा. मग तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली. सपात पायात घालायला बाईला एरवीपेक्षा फार वेळ लागला.

या बाईला सासरी नाव पडलं होतं सुईवाली. पाडलं सासूनंच. शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये सून सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला रबरी पट्टा आवळून रक्त काढते, याचं सासूला कौतुक होतं की भय, हे कधी उलगडलं नाही. पण आल्यागेल्याला ती सांगायची, "आमच्या इमारतीत दोन सुईवाल्या. तळमजल्यावरची शिवते, माझी टोचते." लोक हसायचे आणि सून स्वयंपाकघरात ओठ आवळून उभी राहायची. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं तिनं त्या घरात परीक्षा देण्यातच काढली होती. ती जे शिजवील त्याचा पहिला घास सासू घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. बहुतेक वेळा मीठ. कधी आच. एकदा तर सासूनं अख्खं पातेलं परत पाठवलं, पाहुण्यांच्या देखत, आणि तेही रागानं नव्हे, अगदी प्रेमानं, "तू दमलीयस, मी करते," असं म्हणून. रागाचा माणसाला विसर पडू शकतो. असल्या प्रेमाचा विसर पडत नाही. मग एका सकाळी सासूच्या डाव्या पायाचा अंगठा टम्म सुजून लाल झाला, चादरीचा स्पर्शही तिला सोसेना, आणि घराचा कारभार एका दिवसात फिरला. सुईवालीनं लॅबमधून पथ्याचा छापील कागद आणला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. 'वर्ज्य' या मथळ्याखाली पालक होता, तो तिनं लाल पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केला. सासूचा जीव होता पाल्यावर. पालक, मुळ्याचा पाला, बीटाची पानं, हिरवं म्हणून जे काही असेल ते तिला रोज लागायचं, आणि त्याच्या बदल्यात आता सुनेनं सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर फळांच्या रसाचा पेला ठेवायला सुरुवात केली. पौष्टिक म्हणून. नाही म्हणताना सुईवालीला आनंद व्हायचा. काळजी वाटत होती हे खरं, पण आनंद व्हायचा हेही तितकंच खरं. चार दिवस सासूचे झाले, आता चार दिवस सुनेचे, असं ती मनात म्हणायची आणि पेला जरा जास्तच भरायची.

दवाखान्यापासून घर पंधरा मिनिटांवर. आज तिला चाळीस लागली. फुटपाथची फरशी कुठे उचललेली आहे, कुठे खचलेली आहे, हे तिला साठाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं आणि आता एकेक फरशी पायाला ओळख देत होती. टाच आधी टेकायची, मग पायाची बाहेरची कड, अंगठा अधांतरी, मग दुसरा पाय पटकन पुढे. औषधाच्या दुकानाच्या काचेत तिनं स्वतःला येताना पाहिलं आणि ती थबकली. खांदा किंचित खाली, मान एका बाजूला, हात पर्सवर नसून मांडीवर दाबलेला. ही चाल तिची नव्हती. ही चाल तिनं दहा वर्षं घरातल्या घरात पाहिली होती, मनातल्या मनात तिची नक्कलही केली होती, आणि लॅबमधल्या मैत्रिणींना एकदा करून दाखवली होती. तेव्हा सगळ्या खो खो हसल्या होत्या. काचेतली बाई हसत नव्हती. तिनं मुद्दाम खांदा वर केला, पाय सरळ टाकला, आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की तिला दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. मग पुन्हा उठून ती त्याच चालीनं निघाली, कारण दुसऱ्या कुठल्या चालीनं चालताच येत नव्हतं.

तळमजल्यावरची शिवणवाली दारातच बसली होती, मांडीवर कुणाचा तरी कोट, तोंडात टाचण्या. तिच्या खिडकीखाली जुन्या पत्र्याच्या टबांत पालक तरारला होता. इतकी वर्षं त्या टबांवरून जाताना सुईवालीनं मान फिरवली होती. आज तिला उभं राहणं भागच होतं, पायरी चढण्याआधी दम घ्यायला. शिवणवालीनं टाचण्या काढल्या आणि पायाकडे पाहून म्हणाली, "तुम्हालाही लागलं का ते?" सुईवालीनं मान हलवली आणि डॉक्टरिणीनं आज पालक खायला सांगितलाय हे तिला सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे. शिवणवालीला नवल वाटलं नाही. ती उठली, टबातली जुडीभर पानं कात्रीनं कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि सांगत राहिली, जसं कोणी हवापाण्याचं सांगावं. तुमच्या सासूबाई दर दोन-तीन दिवसांनी उशीचे अभ्रे घेऊन यायच्या शिवायला. अभ्रे उसवलेले असायचे, पण असे सरळ उसवलेले, की ते ब्लेडनं उसवलेत हे शिवणाऱ्या माणसाला लगेच कळावं. मी काही बोलले नाही. मी अभ्रा शिवायचे तोवर त्या इथे स्टुलावर बसून वाटीभर पालक खायच्या. नुसता उकडलेला, वर मीठ. आणि फुकट नको म्हणून येताना तुमच्या त्या रसाचा पेला बाटलीत भरून आणायच्या, तो मी प्यायचे. "त्यांना तो रस मुळीच आवडायचा नाही. म्हणायच्या, सून प्रेमानं देते, टाकवत नाही." सुईवालीला अभ्रे आठवले. घरातले अभ्रे सारखे कसे उसवतात, याचा तिनं त्या वर्षी धुलाईच्या यंत्रावर राग काढला होता, आणि कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावून घेतलं होतं. हसू यावं अशी गोष्ट होती ती. किती दिवस चाललं हे, असं तिनं विचारलं. अडीच-तीन महिने, शिवणवाली म्हणाली, मग तुम्ही रक्त तपासलंत ना, त्या दिवशी संध्याकाळी त्या खाली आल्या आणि वाटी परत करून गेल्या. शिवणवालीनं त्यांना समजावलं होतं, की अहो आकड्यात चूकभूल होते, पुन्हा एकदा तपासून घ्या. त्यावर त्या काय म्हणाल्या, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाल्या, माझी सून बोलायला बोचरी आहे. पण आकड्यात खोटं नाही बोलायची ती."

जिना बत्तीस पायऱ्यांचा. सुईवाली कठड्याला धरून चढू लागली, कागदात गुंडाळलेला पालक छातीशी. सहाव्या पायरीवर तिला कळलं की चढणं सोपं आहे, उतरणंच अवघड. उतरताना सगळा भार त्या अंगठ्यावर येत असणार. म्हणजे सासू वाटीभर पाल्यासाठी बत्तीस वेळा तो अंगठा दगडावर आपटत खाली जायची, आणि आपण लॅबमधून आलो की खुर्चीत बसून म्हणायची, आज पाय बराय. नवव्या पायरीवर ती थांबली. त्या दिवसाची सकाळ तिला अशी स्पष्ट दिसायला लागली की डोळे मिटूनही उपयोग नव्हता. आदल्या रात्री जेवताना मास्तर, म्हणजे तिचा नवरा, जो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात विनोद सांगायचा, त्यानं काहीतरी सांगितलं आणि सासू तोंड उघडून हसली. तिच्या कवळीच्या कडेला हिरव्या पानाचा तुकडा होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती लपवणार? सुईवालीनं तेव्हाच काही म्हटलं नाही. सकाळी निघताना तिनं रबरी पट्टा काढला आणि म्हणाली की रिपोर्टच बोलेल आता. सासूनं स्वतःहून बाही वर सरकवली. "घे. विचार तुझ्या यंत्राला," असं म्हणाली आणि सुई टोचताना सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिची कातडी पातळ होती, शीर सापडायला त्रास झाला नाही.

लॅबमध्ये एक नियम होता, मोठ्या साहेबांनी प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी पाठ करून घेतलेला. न पटणारा आकडा आला तर आधी यंत्रावर संशय घ्या, मग नमुन्यावर, मग स्वतःवर. त्या सकाळी तिला युरिक अ‍ॅसिडचा नऊच्या पुढचा आकडा पटला असता. आधीचा आठ पॉइंट तीन होता, वर चोरून पालक, म्हणजे नऊ हवाच. यंत्रानं दाखवलं सात पॉइंट चार. तिनं यंत्रावर संशय घेतला, कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो तो नमुना, लावला, कंट्रोल बरोबर आला. पुन्हा लावलं, सात पॉइंट चार. तिसऱ्यांदा सात पॉइंट तीन. मग नमुन्यावर संशय घ्यायचा, म्हणून तिनं नळी उजेडासमोर धरली. रक्त फुटलेलं असतं तर वरचं पाणी तांबूस दिसलं असतं. ते स्वच्छ होतं, फिकट पिवळं, त्या आठवड्यातला तितका चांगला नमुना दुसरा नव्हता. तिसरी पायरी होती स्वतःवर संशय घेण्याची. ती तिनं घेतली नाही. फ्रिजवरच्या कागदावर, आपण दोनदा ओढलेल्या लाल रेघेवर संशय घ्यावा, हे तर नियमात नव्हतंच. छापलेला कागद खरा, तर मग रक्तच चुकलेलं असणार, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं, आणि ज्या जागी तिला तसं प्रामाणिकपणे वाटलं त्याच जागी, अगदी चिकटून, दुसरं काहीतरी होतं, ज्याला हरायचं नव्हतं. तिनं रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नमुना खराब. आणि ते रक्त बेसिनमध्ये ओतून बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्या संध्याकाळी दोघं टेबलाशी वाट पाहत बसले होते, मायलेक. "किती गं?" असं सासूनं विचारलं. नमुना खराब झाला, पुन्हा घ्यावा लागेल, असं सांगायचं सुईवालीनं ठरवलं होतं. घरापर्यंत ती तेच घोकत आली होती. तोंडातून आलं ते असं, "नऊ पॉइंट दोन." ते दोन कुठून आले हे तिला आजवर कळलेलं नाही. नुसतं नऊ म्हटलं असतं तर थाप वाटली असती, म्हणून तिच्यातल्या लॅबवालीनं दोन आपलं आपणच पुरवलं असावं. सासूनं खाली वाकून आपल्या अंगठ्यावर हात ठेवला, हळूच. म्हणाली, बरं, नाही खाणार. मास्तरनं टाळी वाजवली आणि जाहीर केलं, की चोर सापडला. आणि पुढच्या खेपेला, पालक सुटून रस पुन्हा सुरू झाल्यावर, आकडा खरोखरच आठ पॉइंट सहा आला, तेव्हा सुईवालीला हायसं वाटलं. पाहा, म्हणजे माझं बरोबरच होतं, असं तिला वाटलं. आज बाविसाव्या पायरीवर ते हायसं वाटणं तिला आठवलं. खोटं एकदाचं बोललेलं परवडलं असतं. पण तो रस ती त्यानंतरही रोज देत राहिली, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हातानं, आणि सासूनं तो टाकवत नाही म्हणून पिऊन टाकला.

किल्लीनं दार उघडून ती आत आली. पॅसेज अरुंद, फरशी गुळगुळीत. टाच, कड, मग दुसरा पाय पटकन. सपातेचा घासता आवाज आणि मग एक हलका ठोका. आतल्या खोलीत मास्तर वर्तमानपत्र वाचत होता, त्याची सळसळ थांबली. "आई?" तो म्हणाला. ती पॅसेजमध्ये जिथल्या तिथे उभी राहिली, पाय उचलायची तिची छाती होईना, कारण पुढचं पाऊल टाकलं की पुन्हा तोच आवाज होणार होता. आत मास्तर खाकरला आणि खजील होऊन हसला, म्हणाला की अगं, वय झालं माझं, डुलकी लागली होती. ती म्हणाली, मीच आहे. तिला तिचाच आवाज खात्रीचा वाटला नाही. सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत ती घरात कधी जाणवली नव्हती, ना तिच्या खुर्चीत, ना फोटोत. तिला यायला वाटच नव्हती. आता वाट मिळाली होती, सुईवालीच्या डाव्या पायातून.

तिनं पालक धुतला. पानं थंड होती आणि देठांशी माती होती, ती बोटांनी सुटत नव्हती. चिरला, लसणावर परतला, मीठ घातलं, आणि सवयीनं चव घ्यायला चमचा तोंडाशी नेला, तेव्हा आपले डोळे मिटलेले आहेत हे तिच्या ध्यानात आलं. सासू असेच मिटायची. तिनं चमचा खाली ठेवला. टेबलावर ताटं मांडली तेव्हा मास्तरनं भाजी पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. सुंदर विषय मिळाला होता त्याला. ही गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली असेल याची गणती नव्हती. शाळेतले सहकारी, नातेवाईक, नवे शेजारी, कोणाच्याही पथ्याचा विषय निघाला की आमच्या आईचं ऐका, असं म्हणून तो सुरू व्हायचा. चोरून पालक खायची, कवळीनं चुगली केली, आणि सुईवालीनं यंत्रावर चढवून नऊ पॉइंट दोनला पकडून दिली. आईसुद्धा हयात असताना समोर बसून हसायची, जरा ओशाळून, आणि शेवटी शेवटी तर स्वतःच म्हणायची, हो बाई, मी चोर. आताही तो भाजी वाढून घेता घेता सुरू झाला, सूनही त्याच वाटेला लागली म्हणायची, उद्या तुझी कवळी तपासायला हवी. आणि नऊपर्यंत तो पोचला तेव्हा ती म्हणाली, "सात पॉइंट चार होतं."

त्याला वाटलं तिच्या आजच्या रिपोर्टचं आहे. तो म्हणाला की मग बरंच आहे की. ती म्हणाली, "माझं नाही. आईंचं. त्या दिवशी सात पॉइंट चार आलं होतं. कमी झालं होतं. तीनदा लावलं मी." आणि मग तिनं सगळं सांगितलं, बेसिनपर्यंत, नळापर्यंत, आजच्या डॉक्टरिणीचं, रसाचं आणि शिवणवालीचंही. आकड्यात खोटं नाही बोलायची ती, हे वाक्यही तिनं जसंच्या तसं सांगितलं. मास्तर ताटाकडे पाहत होता. त्यानं विचारलं ते फार हळू विचारलं, "का?" या प्रश्नाची उत्तरं ती दुपारपासून जमवत होती. कागद तसा छापलेला होता, तेव्हा सगळेच तसं सांगायचे, मलाही तसंच वाटलं. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही तिला उच्चारता आलं नाही. ती म्हणाली, "मला एकदा तरी जिंकायचं होतं त्यांच्याशी."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, साडेचार वर्षं, त्यानंतर साडेचार वर्षं जगली ती. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, "ती गेली त्या दिवशी लोक भेटायला आले होते, आठवतंय? त्यांना मी हेच सांगून हसवलं. सगळे रडत होते म्हणून." त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही. सुईवाली वाट पाहत होती. तो ओरडेल, ताट सरकवेल, उठून जाईल, निदान म्हणेल की खराब नमुना तूच होतीस. सासरी आल्यापासून एवढ्या आशेनं तिनं कुठल्याच निकालाची वाट पाहिली नव्हती. तिला तो हवा होता. तो मिळाला असता तर कदाचित पायातलं उतरलं असतं. मास्तरनं कढईतली सगळी भाजी चमच्यानं खरवडून तिच्या ताटात वाढली, आपल्या ताटातलीही तिला दिली, आणि आई आजारपणात कोणाला तरी भरवताना बोलावी तशा साध्या आवाजात म्हणाला, "खा. तुला सांगितलंय ना डॉक्टरनं."

तिनं खाल्लं. त्याच्या देखत, एकेक घास, ताट पुसलं जाईपर्यंत. मीठ बरोबर पडलं होतं, आचही नेमकी लागली होती, पानं अजून हिरवी होती. इतकी चांगली भाजी तिच्या हातून आजवर झाली नव्हती, आणि पहिला घास घेऊन तसा निकाल द्यायला आता घरात कोणी नव्हतं.